ओसरीवरून : मुदत नसलेली कैद

आमच्या घरीं दिवेलागणीनंतर वर्तमानपत्र मोठ्यानें वाचण्याची चाल आहे. वाचणारा आमचा नातू, इयत्ता नववी. ऐकणारी मुख्यतः आमची आत्या, वय पंचाऐंशी. डोळे अधू झाले असले तरी तिचे कान व चौकसपणा शाबूत आहेत, आणि हात वाती वळण्यांत गुंतलेले असले म्हणजे तिचें मन कोठेंहि जाण्यास मोकळें असतें. बाकीचीं माणसें येतांजातां ऐकतात.

२०२५ च्या जानेवारींतील एका संध्याकाळीं नातवानें परदेशच्या बातम्यांतील एक लहानशी बातमी वाचली. क्यूबा बेटावरील ग्वांतानामो येथील अमेरिकन लष्करी तुरुंगांतून येमेन देशाचे अकरा कैदी काढून ओमान देशांत पाठविण्यांत आले होते. आत्या म्हणाली, “सुटले तें बरें झालें. किती वर्षांची शिक्षा झाली होती रे त्यांना?”

नातू पुढचा मजकूर पाहून म्हणाला, “शिक्षा झालीच नव्हती, आत्याआजी. खटलाच चालला नाहीं. आरोपसुद्धां ठेवला नव्हता.”

“मग आंत होते किती दिवस?”

“वीस वर्षांहून जास्त.”

आत्या कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “म्हणजे मुदत नव्हती,” आणि तिनें कापूस पुन्हां हातीं घेतला.

तिनें तो शब्द सहज उच्चारलेला नव्हता, याचें कारण पुढें येईल. आधीं त्या शब्दाचाच विचार करूं.

आम्हां धुळेकरांस तुरुंग ही वस्तु परकी नाहीं. पांझरेच्या या तीरीं आमचें देवपूर, पलीकडे जुनें धुळें. येथील तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एकेक अध्याय घेऊन त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें येथील पोराठोरांसहि ठाऊक आहे. ती कैद परक्या सरकारची होती व अन्यायाची होती. तथापि तींत एक गोष्ट होती. अठरा अध्याय अठरा रविवारांत बसवावयाचे तर आपल्यापुढें किती रविवार शिल्लक आहेत, याचा अंदाज माणसास असावा लागतो. तो अंदाज विनोबांस होता, कारण त्यांची शिक्षा मुदतीची होती. साध्या भुरट्या चोरासहि तो असतो. भिंतीवर कोळशानें रेघा ओढतां याव्यात एवढा अधिकार आजवर कोणत्याहि कोतवालानें चोराकडून हिरावून घेतलेला नाहीं.

कायद्यानें पाहतां जगास कैद्यांच्या दोन जाति माहीत होत्या. एक गुन्हेगार, त्याची मुदत न्यायाधीश ठरवितो. दुसरा लढाईंत हातीं लागलेला शिपाई. त्यानें गुन्हा केलेला नसतो, म्हणून त्याला शिक्षा नसते, पण लढाई चालू असेपर्यंत त्याला अडकवून ठेवतां येतें, आणि ती संपली कीं त्याला घरीं पोंचविणें हें पकडणाऱ्याचें कर्तव्य ठरतें. १९४९ च्या जिनीव्हा करारांत हें स्पष्ट लिहिलेलें आहे. अमेरिकेनें यांत तिसरी जात काढली. २००१ च्या सप्टेंबरांत तिच्या भूमीवर सुमारे तीन हजार माणसें मारलीं गेलीं. त्यानंतर अफगाणिस्तानांत व अन्यत्र जे पकडले गेले, त्यांस तिनें शत्रूचे योद्धे म्हटलें, परंतु युद्धकैदी म्हटलें नाहीं. आणि आरोपीहि म्हटलें नाहीं. आरोपी म्हटलें कीं खटला चालवावा लागतो, युद्धकैदी म्हटलें कीं करार पाळावा लागतो. ११ जानेवारी २००२ रोजीं पहिले वीस कैदी तेथें उतरविण्यांत आले. पुढें एकंदर सुमारे ७८० माणसें त्या कुंपणाच्या आंत गेलीं. ज्यांना खटला होऊन शिक्षा झाली ते हाताच्या बोटांवर मोजावे इतके थोडे.

जागाहि विचारपूर्वक निवडलेली. ग्वांतानामोचा उपसागर क्यूबाचा. अमेरिकेनें तो १९०३ सालीं आरमारी तळासाठीं भाड्यानें घेतला. मालकी क्यूबाची, अंमल अमेरिकेचा. (१९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाचें सरकार भाड्याचा धनादेश एकदां सोडून कधीं वठवीत आलेलें नाहीं.) या दुहेरी स्थितीचा आधार घेऊन अमेरिकन सरकारनें आपल्याच कोर्टांत सांगितलें कीं, ही भूमि आमची नव्हे, सबब तेथील कैद्यांस आमच्या कोर्टाचा दरवाजा ठोठावण्याचा अधिकार नाहीं. भाडेकरूनें, घर आपलें नाहीं म्हणून केर काढावयाचें नाकारावें, आणि किल्ली मात्र कमरेची सोडूं नये, तशांतला हा प्रकार.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें म्हणून पान उलटावें, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या १९०३ सालीं तो भाडेपट्टा झाला, त्याच सालीं आमच्याकडून मनमाडमार्गे जेथें सहज जातां येतें त्या अहमदनगरास (आतां त्याचें नांव अहिल्यानगर आहे) दुसऱ्या एका खंडांतील माणसें तारेच्या कुंपणांत बसलेलीं होतीं, आणि त्यांचें युद्ध संपून वर्ष उलटलें होतें.

तीं माणसें म्हणजे दक्षिण आफ्रिकेंतील बोअर शेतकरी. १८९९ पासून त्यांनीं इंग्रजांशीं युद्ध मांडलें. पकडलेले बोअर आफ्रिकेंतच ठेवले तर त्यांचे भाईबंद त्यांना पळवून नेतील, या भीतीनें इंग्रजांनीं सुमारे चोवीस हजार कैदी समुद्रापार धाडले: कांहीं सेंट हेलिना बेटावर, कांहीं बर्म्युडास, कांहीं सिलोनांत, आणि नऊ हजारांच्या आसपास हिंदुस्थानांत. हिंदुस्थानांतील त्यांच्या मुक्कामांपैकीं एक मुक्काम नगर. इकडे पुरुष नगरच्या उन्हांत, तिकडे त्यांच्या बायकामुलांस इंग्रजांनीं छावण्यांत कोंडलेलें. त्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बायकामुलें रोगराईनें व उपासमारीनें मेलीं.

३१ मे १९०२ रोजीं तह झाला. आतां या कैद्यांनीं एडवर्ड बादशहाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि आगबोटींत बसावें, एवढेंच राहिलें होतें. बहुतेकांनीं तसें केलें. परंतु कांहीं शें माणसें हट्टास पेटलीं. ज्या राजाशीं आम्ही लढलों त्याचे आम्ही प्रजाजन नव्हे, असें म्हणून तीं नगरासच राहिलीं. इंग्रज म्हणे, शपथ घ्या आणि जा; ते म्हणत, शपथेवांचून सोडा. यांतून मार्ग काढण्यास अखेर त्यांचाच सेनापति कूस द ला रे १९०३ च्या अखेरीस समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आला. हा गृहस्थ मोठा विलक्षण. १९०२ च्या मार्चांत त्यानें लॉर्ड मेथ्युएन या इंग्रज सेनापतीस जखमी स्थितींत पकडलें होतें, आणि उपचारासाठीं इंग्रजांकडेच परत पाठवून दिलें होतें. शेवटपर्यंत लढलेल्या अशा माणसानें समजूत घातली, तेव्हां बहुतेकांनीं शपथ घेतली व ते घरीं गेले. या कैद्यांची मुदत तहानेंहि संपली नव्हती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें १९१४ सालीं जर्मनीशीं युद्ध जुंपलें, आणि नगरची छावणी पुन्हां भरली. या खेपेस शिपाई थोडे आणि व्यापारी, कारागीर, मिशनरी असे साधे नागरिक फार. मंगळूर, धारवाड, कालिकत या भागांत कौलांचे व विणकामाचे कारखाने चालविणाऱ्या बासेल मिशनचे जर्मन लोक त्यांत होते. १९१७ सालीं रेड क्रॉसचे स्विस प्रतिनिधि छावणी पाहून गेले. त्या काळच्या हेग येथील नियमांत शिपायांची तरतूद होती. नागरिक कैद्यांची बहुतांशीं नव्हतीच. नियमांत जेथें मोकळी जागा राहते तेथें अशी छावणी उभी राहते, हें मला नगराकडे पाहून कळलें.

तिसरी खेप १९३९ ची. युद्ध पुकारल्याबरोबर हिंदुस्थानांतील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुष धरून नगरास आणले गेले. हिमालयांतील मोहिमेहून परततांना कराचींत अडकलेला हाइनरिख हॅरर यांतलाच. नगर, देवळाली आणि मग देहरादून अशा छावण्या पाहून १९४४ च्या एप्रिलांत तो तिबेटाकडे निसटला, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. मला मात्र त्याच्याहून दुसऱ्या कैद्यांचें अधिक वाटतें. हिटलरच्या छळामुळें जीव घेऊन मुंबईस आलेले ज्यू लोकहि पासपोर्टावर जर्मन म्हणून प्रारंभीं त्याच कुंपणांत टाकले गेले. ज्यांच्या भयानें देश सोडला त्या नाझींच्याच शेजारीं. पुढें चौकशी समिति नेमून बरेचसे सोडले, १९४० सालीं पुन्हां कांहींस धरलें, आणि कोणास पुरंदरच्या किल्ल्यावर तर कोणास साताऱ्यास ठेवलें. ग्वांतानामोस याची हुबेहूब जोडी आहे. चीनमधून निसटलेले बावीस उइगुर मुसलमान तेथें आणले गेले होते. हे आपले शत्रु नव्हेत असें अमेरिकनांनीं स्वतःच कबूल केलें, तरी त्यांतील शेवटचे तिघे २०१३ च्या डिसेंबरांत सुटले; कारण चीनला परत दिले तर मारले जातील, आणि अमेरिका आपल्या घरांत घेईना. कोणी आल्बानियांत गेले, कोणी पलाऊ बेटांत, आणि चौघे बर्म्युडास. ज्या बेटावर शंभर वर्षांपूर्वीं बोअर कैदी म्हणून उतरले होते, तेथें हे चौघे मोकळे होऊन उतरले.

नगरच्या किल्ल्याचें नांव मात्र आपल्या घरांतून घेतलें जातें तें १९४२ मुळें. ९ ऑगस्टच्या पहांटे मुंबईंत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद तेथें ठेवले गेले. नेहरू, वल्लभभाई, आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव हे त्यांत होते. प्रारंभीं त्यांना कोठें नेलें हें घरच्यांसहि सांगितलेलें नव्हतें. १९४३ च्या एप्रिलांत मौलाना आझादांची पत्नी कलकत्त्यास वारली. ते नगरांतच होते. नेहरूंनीं १९४४ सालीं पांच महिन्यांत आपला हिंदुस्थानविषयींचा मोठा ग्रंथ तेथें लिहिला. आम्ही शिक्षक लोक हें मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों, पण बारा जणांपैकीं एकावरहि खटला झालेला नव्हता, एवढेंच सांगावयाचें विसरतों.

याच सुमारास एक प्रकरण घडलें, जें नगरच्या किल्ल्याहूनहि ग्वांतानामोच्या जवळचें आहे. मुंबई इलाख्यांतील केशव तळपदे या स्थानबद्धाचा अर्ज फेडरल कोर्टापुढें गेला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनीं २२ एप्रिल १९४३ रोजीं निकाल दिला कीं, हिंदुस्थान संरक्षण नियमांपैकीं ज्या २६ व्या नियमान्वयें ही स्थानबद्धता होते, तो नियम मूळ कायद्यानें दिलेल्या अधिकाराच्या बाहेरचा आहे. म्हणजे त्याखालील सर्वच कैद बेकायदा! मग सरकारनें कैदी सोडले काय? छे. २८ एप्रिलला, म्हणजे सहा दिवसांत, वटहुकूम निघाला आणि पूर्वीं झालेली कैदहि मागें जाऊन कायदेशीर ठरली. अमेरिकेंत हाच खेळ अधिक सावकाश झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं कैद्यांस कोर्टाचा दरवाजा उघडला. २००५ सालीं कायदा करून तो लावण्यांत आला. २००६ सालीं न्यायालयानें पुन्हां फटकारलें, त्याच सालीं पुन्हां नवा कायदा झाला. अखेर १२ जून २००८ रोजीं न्यायालयानें तो कायदाहि मोडला. २००९ च्या जानेवारींत अध्यक्ष ओबामांनीं वर्षाच्या आंत तुरुंग बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्या हुकुमाला सोळा वर्षें होत आलीं तेव्हां आमचा नातू वरील बातमी वाचीत होता. ते अकरा गेल्यावर आंत पंधरा उरले.

येथें कोणी म्हणेल कीं, मास्तर, तुम्हीं निरपराधांचीं उदाहरणें वेंचून काढलीं. खरोखरीच भयंकर माणसें त्यांत नाहींत काय? आहेत. २००१ च्या कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्यावर आरोप आहे तो २००३ सालीं पकडला गेला, २००६ पासून ग्वांतानामोस आहे, आणि त्या अकरा जणांच्या सुटकेच्या वेळींहि त्याचा खटला पुरा झालेला नव्हता. आधीं गुप्त ठिकाणीं छळ करून जबाब घेतले; तसले जबाब न्यायासनापुढें चालतात कीं नाहीं, याच वादांत वर्षें गेलीं. मेलेल्या तीन हजारांच्या घरच्यांस यांतून काय मिळालें? त्यांच्याहि पदरीं निकाल पडला नाहीं. त्यांनाहि मुदत नाहीं.

कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या कर्त्यास कोणी भाबडा म्हणणार नाहीं. कबुलीजबाबासाठीं चाबूक कसा चालवावा हेंहि त्यानें सांगितलें आहे. परंतु तोच सांगतो कीं, बंदिशाळेंतील माणसांचा रोज, निदान पांच रात्रींनीं, काम घेऊन, दंड देऊन किंवा द्रव्य घेऊन निकाल लावून ती मोकळी करीत जावी. राजाच्या जन्मनक्षत्रास व पौर्णिमेस बाल, वृद्ध, रोगी व अनाथ सोडावे. कैद्याचें अन्नपाणी तोडणाऱ्या अधिकाऱ्यास ९६ पण दंड, ठार मारणाऱ्यास १००० पण. यांत दया कितपत आहे हें मला सांगतां येणार नाहीं. मला ती कारभाऱ्याची शिस्त वाटते. कोठारांतील धान्य पडून राहूं नये, तसा माणूसहि पडून राहूं नये.

आणि आपण स्वतः? आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमांतच प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेवलेली आहे. सल्लागार मंडळाचा व मुदतीचा लगाम घालून कां होईना. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां आसाम-बंगालकडील सुमारे तीन हजार चिनी वंशाचीं माणसें, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेलीं, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेलीं गेलीं, आणि युद्ध महिनाभरांत संपलें तरी कांहीं जण १९६७ पर्यंत आंत होते. मग १९७५ ची आणीबाणी आली. स्थानबद्धाला कारण सांगण्याचें बंधनहि उरलें नाहीं, आणि १९७६ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं, या काळांत त्याला कोर्टांत दाद मागतां येत नाहीं. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध गेले.

आतां आत्याच्या शब्दाकडे येतों. १९७५ सालीं मी नुकताच मॅट्रिक झालों होतों. आमचे आतोबा दुसऱ्या एका गांवीं शाळेंत गणित शिकवीत. जुलैच्या एका पहांटे पोलीस आले व त्यांना घेऊन गेले. पुढें चार दिवसांनीं कळलें कीं, दूरच्या एका तुरुंगांत आहेत. घरांत दोन लहान मुलें. मला आत्याच्या सोबतीस पाठविण्यांत आलें, म्हणून हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्याच आळींतील एका दुकानदारास भेसळीबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. त्याची बायको भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतील एकेक दिवस पेन्सिलीनें खोडीत असे. एकदां ती आडावर आत्यास म्हणाली, “माझे बेचाळीस राहिले. तुमचे किती राहिले, वहिनी?” विचारण्यांत कुचेष्टा नव्हती, तिला खरोखरीच वाटत होतें कीं, प्रत्येकीजवळ एक आंकडा असतो. आत्या रिकामी घागर तशीच घेऊन घरीं आली. दुकानदार दिवाळीच्या आधीं सुटून आला. त्याच्या घरीं पेढे वांटले, आणि आम्हांसहि आले. आतोबा आले १९७७ च्या फेब्रुवारींत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं आत्यास वाचून दाखविला. नेहरूंचा व न्यायालयांचा भाग तिनें मुकाट्यानें ऐकला. बोअर लोकांच्या शपथेचा भाग मात्र तिनें मला पुन्हां वाचावयास लावला. मला वाटलें, त्यांच्या बाणेदारपणाबद्दल कांहीं म्हणेल. ती म्हणाली, “त्या सेनापतीचे उपकार. समजूत घालायला एवढा समुद्र ओलांडून आला. आमच्याकडे कोणी आलें नाहीं.”

तिच्या म्हणण्याचा अर्थ मला एकट्यालाच कळला. आणीबाणींत ‘पुन्हां असें करणार नाहीं’ अशा हमीपत्रावर सही करून कांहीं लोक सुटत होते. धाकटा मुलगा तापानें फणफणला असतां आत्यानें आतोबांना एक कार्ड लिहिलें कीं, सही करा आणि या. त्याचें उत्तर दोन महिने आलें नाहीं. आलें तेव्हां त्यांत प्रकृति बरी असल्याचें व मुलांचे पाढे घेत जावे एवढेंच होतें. सही त्यांनीं केली नाहीं. पुढें उभ्या जन्मांत दोघांपैकीं कोणीं त्या कार्डाचा विषय काढल्याचें मला आठवत नाहीं. आतोबा वारल्यावर आत्या आमच्याकडे देवपुरास आली, आणि त्यांची ट्रंक आली. तींत गणिताच्या वह्यांखालीं तें कार्ड होतें. मजकूर आत्याच्या हातचा. पत्ता मीं घातलेला. आणि त्यावर तुरुंगांतील तपासणीचा जांभळा शिक्का.